‘कंट्री’ला मराठीत काय म्हणावं? आणि ‘क्रॉसओव्हर’ला?

अनुवादिका: अमेरिकन गायिका डॉली पार्टनच्या ‘हिअर यू कम अगेन’ (१९७७) या अल्बमवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. नॅशव्हिलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या माहेरघरात, नाव कमावलेली ही बाई या अल्बममध्ये पॉपकडे वळली. एका प्रकारच्या गायकाने दुसऱ्या प्रकारच्याही श्रोत्यांपर्यंत पोचणं, हाच ‘क्रॉसओव्हर’. मी ‘कंट्री गायिका’ आणि ‘क्रॉसओव्हर’ तसंच ठेवलं होतं. संपादकांनी ते खोडून ‘ग्रामीण गायिकेचे सुगम संगीतात पदार्पण’ केलं. पदार्पण कसलं? तिचा पहिला अल्बम १९६७ चा. आणि ‘ग्रामीण गायिका’ वाचलं की मला जात्यावरच्या ओव्या आठवतात. दोन्हींना शब्द सुचवा.

मुद्रितशोधक: ‘पदार्पण’ चूक, मान्य. पण ‘ग्रामीण’ला काय झालं? ‘ग्रामीण कथा’ म्हणताना आपल्याला कमीपणा वाटत नाही. देवनागरीत ‘कंट्री’ लिहून भाषांतर होत नाही, फक्त लिपी बदलते. कंट्रीला ‘ग्रामसंगीत’ आणि क्रॉसओव्हरला ‘सीमोल्लंघन’. तयार शब्द आहेत, वापरा.

न्यूजर्सीकर: ग्रामसंगीत अजिबात नको. हे संगीत गावात जन्मलं हे खरं, पण ते वाढलं रेडिओवर आणि शहरातल्या स्टुडिओत. नॅशव्हिलचा ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओ कार्यक्रम १९२५ पासूनचा. या गाण्यांना आधी ‘हिलबिली’ म्हणत, म्हणजे डोंगराकडचा अडाणी. कलाकारांना ते लागायचं. ‘बिलबोर्ड’ या संगीताच्या नियतकालिकाने १९४९ मध्ये आपल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीचं नाव ‘कंट्री अँड वेस्टर्न’ केलं. इतक्या वर्षांनी मिळालेलं नाव काढून आपण त्यांना परत ‘गावचे’ म्हणायचं?

पेटीवाला: आपल्याकडे यासाठी शब्द तेराव्या शतकापासून आहे आणि तो आपल्याच मातीत लिहिला गेला. शार्ङ्गदेवाने देवगिरीला यादवांच्या आश्रयाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात संगीताचे दोन भाग: मार्ग आणि देशी. निरनिराळ्या प्रदेशांतल्या लोकांच्या रुचीप्रमाणे त्यांचं मन रिझवतं ते देशी. ‘देशी गायिका’ म्हणा. ‘कंट्री’तला देशही त्यात आला.

सातारकर: पेटीवाले काका, शब्द मोठा आहे, पण आमच्याकडे ‘देशी गायिका’ छापलंत तर लोक बाटलीच्या दुकानाशी संबंध लावतील. शिवाय ‘देश’ म्हणजे आमचा मुलूख, घाटावरचा. माझी आजी कोकणातली. लग्न होऊन आली तेव्हा माहेरचे म्हणाले, पोर देशावर दिली. तिला परदेशच होता तो.

रत्नागिरीकर: आमच्याकडे अजून म्हणतात, ‘देशावरची माणसं’. त्यात थोडा दुरावा असतो, थोडी धास्तीही. देस रागाचं नावही याच देशावरून आलं असणार, असं माझे वडील सांगायचे.

पेटीवाला: रागाच्या ‘देस’चा घाटमाथ्याशी काही संबंध नाही. सोरठ आणि देस जवळचे मानतात. सोरठ म्हणजे सौराष्ट्र. शोधायचंच तर तिकडे शोधा.

रत्नागिरीकर: वडील पंचवीस वर्षं भजनी मंडळात पेटीवर होते. इतकं सहज उडवून लावू नका.

अनुवादिका: रागाचा वेगळा धागा काढा ना, प्लीज. लेखातला किस्सा सांगते, त्यावर माझा शब्द अडलाय. शीर्षकगीत चकाचक पॉप झालं होतं. डॉलीने निर्माता गॅरी क्लाइनकडे हट्ट धरला की यात पेडल स्टील गिटार, म्हणजे कंट्रीची ओळख असलेली आडवी, पायपट्ट्यांची गिटार, हवीच. कोणी म्हणालं की हे कंट्री नाही, तर बोट दाखवायला काहीतरी पाहिजे. अल पर्किन्सने ती वाजवली. गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं आणि पॉपच्या यादीत तिसरं आलं, आणि ग्रॅमी मिळालं ते कंट्री गायनाचंच. म्हणजे ती इथून तिथे गेली असं नाही. एकाच वेळी दोन्हीकडे होती. ‘सीमोल्लंघन’ त्यात कसं बसेल?

सातारकर: ‘दोन्ही डगरींवर हात’.

अनुवादिका: त्यात चलाखीचा आरोप येतो, दादा. तिच्यावर नॅशव्हिलमध्ये तेव्हा तो झालाच. मी मराठीतून पुन्हा करणार नाही.

पेटीवाला: स्टील गिटारचं मला पूर्ण पटतं. फडावरच्या लावणीतून ढोलकी आणि तुणतुणं काढा, तबला-पेटी-सारंगी ठेवा, बाई बसून अदा करू देत. बैठकीची लावणी झाली. गाणारीण तीच, पण बाज बदलला. कंट्री आणि पॉप हे बाजच आहेत. ‘कंट्री बाजाची गायिका’ लिहा.

न्यूजर्सीकर: ‘बाज’ चांगला आहे. पुरावा देतो. कंट्री-पॉप गायिका शनाया ट्वेनने २००२ मध्ये ‘अप!’ काढला. तीच एकोणीस गाणी, तोच आवाज, तीन तबकड्या. लाल पॉप, हिरवी कंट्री, आणि निळी भारतीय वळणाची, जिच्यावर बर्मिंगहॅमच्या सायमन आणि डायमंड दुग्गल या भावांनी काम केलं. हिरवीत फिडल (म्हणजे व्हायोलिनच) आणि स्टील गिटार पुढे येतात, लालमध्ये सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड. शब्द-सूर तेच. मग कंट्री कशात आहे? वाद्यांत? मला नाही वाटत. डॉली ज्या स्मोकी डोंगरात वाढली, तिथले उच्चार तिच्या गाण्यात कुठल्याही साथीवर ऐकू येतात.

पेटीवाला: उच्चार हाही बाजाचाच भाग.

न्यूजर्सीकर: मग सगळंच बाज झालं, काका. शब्दाला काठ तरी हवा.

मुद्रितशोधक: सीमोल्लंघनाबद्दल माझं म्हणणं कुणी नीट वाचलेलं नाही. दसऱ्याला आपण शीव ओलांडतो, सोनं लुटतो आणि घरी परत येतो. गाव सोडत नाही. याच बाईंनी १९९९ मध्ये ब्लूग्रासचा, म्हणजे जुन्या वळणाच्या कंट्रीचा, अल्बम केला ना? परतल्या ना? याहून नेमका शब्द दाखवा.

अनुवादिका: हे खरंच आवडलं. पण बावीस वर्षांनंतरचं परतणं १९७७ च्या वाक्यात आधीच कसं घालू? आणि सगळेच परतत नाहीत. कंट्रीतूनच आलेल्या टेलर स्विफ्टने २०१४ मध्ये ‘१९८९’ हा आपला पहिला अधिकृत पॉप अल्बम म्हणून जाहीर केला. तिला हाच शब्द लावणार?

मुद्रितशोधक: तिला ‘स्थलांतर’. दोन गोष्टी, दोन शब्द. इंग्रजी एकच वापरते ही तिची गरिबी.

न्यूजर्सीकर: आमच्या मुलांना विचारलं तर ‘कंट्री’ हाच मराठी शब्द आहे. घरात मराठीच बोलतात ती. ‘बाबा, कंट्री लाव.’ हे मराठी नाही का?

मुद्रितशोधक: नाही.

सातारकर: आहे. ‘टेबल’ आहे तर हेही आहे.

रत्नागिरीकर: पेडल स्टीलला काय लिहिणार, ताई? पायाने चालते म्हणून पायपेटी, तशी ‘पायगिटार’?

पेटीवाला: पायपेटीत पाय हवा भरतात, इथे तारांचा सूर बदलतात. शिवाय गुडघ्यानेही दांड्या दाबाव्या लागतात. ‘पायगिटार’ लिहाल तर वादक पायाने वाजवतोय असं वाटेल.

अनुवादिका: ‘पेडल स्टील’च ठेवतेय. लेख उद्या द्यायचाय, ‘कंट्री बाज’वर संपादकांशी भांडेन. क्रॉसओव्हरची जागा अजून रिकामी आहे.