प्लास्टिकच्या खुर्चीला नावं ठेवणाऱ्यांना

मंडपवाला: परवा इथे कुणीतरी लिहिलं, 'प्लास्टिकच्या खुर्चीने लग्नकार्याची रया घालवली, इराणी हॉटेलातल्या लाकडी खुर्च्या परत आणा.' वाचून डोकं फिरलं. आमचा खुर्च्या भाड्याने द्यायचा धंदा आहे. पूर्वी घडीच्या लोखंडी खुर्च्या असायच्या. उघडता-मिटताना बोटं चिमटायची, शालूला गंजाचे डाग पडायचे. आताची खुर्ची भरते जेमतेम अडीच किलो. एकात एक घालून पोरं चार-पाच एकदम उचलतात, पाऊस आला तर फडकं मारलं की झालं. ज्यांच्या घरी सतरंजीच होती, त्यांच्या गुडघे धरलेल्या आजीला खुर्ची मिळाली ती या प्लास्टिकमुळे. रया म्हणे!

सागवान: ते लिहिणारा मीच. धंदा तुमचा, तेव्हा कळवळा येणारच. या खुर्च्यांचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, उन्हात ठिसूळ होतं. गच्चीवर वडील बसले, मागचे पाय फाकले, खुर्ची मोडली आणि त्यांचा खुबा गेला. एकाच साच्यातून निघालेली वस्तू, पाय मोडला की अख्खी भंगारात. इराण्याकडची खुर्ची ज्या घराण्यातली, ती व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीची १४ नंबरची खुर्ची बघा, १८५९ची. वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. ढिली झाली तर आवळा.

मंडपवाला: वडिलांचं वाईट वाटलं. पण थोनेटचं तुम्हीच काढलंत म्हणून सांगतो, तीही कारखान्यातलीच. सुटे भाग करून एका घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या भरायचे आणि जगभर पाठवायचे. स्वस्त, हलकी, ढिगाने. मग आमच्याच खुर्चीने काय घोडं मारलंय?

ओवी: दोघेही खुर्चीच्या बैठकीबद्दल, जिथे वेत विणतात त्या भागाबद्दल, बोलत नाही आहात. माझे मामा अंध. सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणण्यावर त्यांचं घर चाललं. वेत भिजवून मऊ करायचा, चौकटीच्या भोकांतून आधी उभे पदर, मग आडवे, शेवटी तिरपे. भोकं बोटांनी चाचपत जायचे, पण एक चुकत नसे. वाळला की वेत आवळतो. मग तळव्याने थाप मारून आवाजावरून ताण ओळखायचे. साच्यातल्या आणि फोमच्या खुर्च्या आल्या, काम गेलं.

टेकडीवरून: नुसता वेतच कुठे, प्लास्टिकच्या वेतानेही विणायचेच की. तो टिकतो जास्त.

ओवी: टिकतो. पण विणायला माणूस लागतोच ना? मी त्याच्या रोजीबद्दल बोलतेय.

मंडपवाला: ताई, मामांबद्दल आदर आहे. पण माझ्याकडे खुर्च्या उचलणारी पोरंही रोजावरच आहेत. त्यांच्या कमरेचं कोण बघणार?

सागवान: प्रत्येक गोष्टीला पोरांची ढाल कशाला? उन्हाने पांढऱ्या पडलेल्या खुर्च्या काढून टाका, एवढंच म्हणणं आहे.

मंडपवाला: काढतो. सगळे काढत नाहीत, हेही खरं.

सागवान: बरं, हजार माणसांच्या मांडवाला प्लास्टिकच लागणार, सोडला तो हट्ट. घरात मात्र लाकडीच. ओवी, आमच्या दोन खुर्च्यांचे वेत तुटलेत. मामा अजून विणतात का?

ओवी: हात थरथरतात, सोडलं त्यांनी. त्यांच्याकडे शिकलेले एकजण आहेत. मजुरीत घासाघीस करणार नसाल तर विचारते.