नाशिकरोड ते फातोर्डा: मुंबई सिटीच्या सामन्याला सहा जण, गाडी कुठली आणि खायचं काय?

पंचवटी_निळा
मुंबई सिटीचा एफसी गोवाविरुद्धचा फुटबॉल सामना बघायला मडगावातल्या फातोर्डा स्टेडियमला जायचं ठरतंय. तारीख पक्की व्हायचीय, शनिवार संध्याकाळी ७.३० धरून विचारतोय. अंधेरीच्या मैदानाची सवय आहे, गोव्याची नाही. मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडहून थेट मडगावला जाते, तर तिनेच जाऊन त्याच दिवशी सामना गाठावा का? परत रात्रीच निघायचंय, हॉटेलचा खर्च नको. आपल्या लोकांनी बसायचं कुठे? आणि पोटाचं काय, आमच्यात दोघे शाकाहारी आहेत.

कसारा_घाट
जाताना मंगलाच्या (१२६१८) भरवशावर राहू नका. ती हजरत निजामुद्दीनहून येते. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडच्या धुक्याने काही तास उशीर होणं नेहमीचंच. वेळेवर धावली तरी मडगावला दुपारनंतरच पोहोचते, म्हणजे हाताशी उरतात थोडेच तास.

त्यापेक्षा शुक्रवारी संध्याकाळी ठाण्याला उतरा आणि कोकणकन्या (२०१११) पकडा. सीएसएमटीहून रात्री ११.०५ ला सुटते, ठाण्याला थांबते, शनिवारी सकाळी उशिरा मडगाव. ठाण्यापर्यंत रेल्वेनेच जा. महामार्ग बसस्थानकावरून एसटी मिळते, पण वडपे ते माजिवडा या पट्ट्यात ती किती वेळ अडकेल हे कुणीच सांगू शकत नाही. एसटीच घेणार असाल तर किमान दोन तास जास्तीचे धरा.

परतीला मात्र मंगलाच (१२६१७) बरी. मडगावहून मध्यरात्रीनंतर निघते आणि रविवारी थेट नाशिकरोडला सोडते. इथेच बहुतेकांची फसगत होते. बारानंतर सुटणाऱ्या गाडीचं तिकीट रविवारच्या तारखेचं लागतं, शनिवारचं नाही. शनिवारचं काढलंत तर तुमची गाडी सामन्याच्या आदल्या रात्रीच गेलेली असते. त्यात कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत चालतं, आणि त्यात हीच गाडी एर्नाकुलमहून लवकर निघत असल्याने मडगावची वेळ बाराच्या अलीकडे येऊ शकते. ऑक्टोबरातला सामना असेल तर त्या आठवड्यात कुठलं वेळापत्रक लागू आहे ते बघूनच तारीख टाका.

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. सामन्यांचं वेळापत्रक कधीकधी त्याहून उशिरा येतं. मग वेटिंग घेऊन बसू नका. नाशिकरोड-मडगाव हा मधला टप्पा, त्याची वेटिंग हळू सरकते आणि चार्ट लागल्यावरही वेटिंगच राहिलेलं ई-तिकीट आपोआप रद्द होतं. सहा जणांचं एकच तिकीट काढण्याऐवजी तीन-तीनची दोन काढा, एखादं तरी लवकर पक्कं होतं.

मडगांवचो_पाव
मी बसायचं आणि खायचं सांगतो.

पूर्वेकडचा खालचा स्टँड घेऊ नका, तिकीट स्वस्त दिसलं तरी. तो गोव्याच्या पाठीराख्यांचा, त्यांच्या गटाचं नावच ईस्ट लोअर आर्मी. मुंबईची निळी जर्सी घालून तिथे गेलात तर मारामारी होणार नाही, पण सुरक्षारक्षक उठवून दुसरीकडे नेतील आणि तेवढ्यात पहिला गोल हुकेल. पाहुण्यांचा कप्पा यजमान क्लब ठरवतो. वेस्ट कोस्ट ब्रिगेडला, म्हणजे मुंबई सिटीच्या पाठीराख्यांच्या गटाला, आधी कळवा, म्हणजे त्यांच्याबरोबरच जागा मिळेल. ढोल आणि मोठा बॅनर न्यायचा असेल तर परवानगीही त्यांच्यामार्फतच मागायची. काठीचा झेंडा दारातच काढून घेतात, नुसतं कापड न्या. पॉवर बँक, लायटर, पाण्याची बाटली, हेल्मेट यांनाही तोच नियम.

सॅक स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. छोटी कुलपं नाशिकहूनच घेऊन या.

आता खाणं. आत पॅकेटबंद चिप्स, पॅटिस, कोल्ड्रिंक असलंच काहीतरी, आणि मध्यंतर १५ मिनिटांचं. त्यात रांगेत उभं राहणं म्हणजे दुसऱ्या हाफची सुरुवात गमावणं. एकदा फाटकाबाहेर पडलात की तिकीट संपलं, म्हणून जेवून आत जा. संध्याकाळी गाड्यांवर रोस ऑम्लेट मिळतं. कांदा-मिरची-कोथिंबीर घातलेलं ऑम्लेट, त्यावर चिकन शाकुतीचा रस आणि पाव. भाजलेलं खोबरं आणि खसखस असल्याने रस दाट असतो, तुमच्या काळ्या मसाल्याच्या रश्शाइतका जाळ नसतो. एका पावात भागत नाही, दोन मागा. चोरीस पाव म्हणजे व्हिनेगर-मिरचीत मुरवलेलं डुकराचं सॉसेज. तेल भरपूर सुटतं, निळ्या जर्सीवर लगेच दिसतं.

शाकाहाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं: इथला कटलेट पाव बटाट्याचा नसतो. तो मांसाचा, बहुतेकदा बीफचा. गाड्यावर विचारल्याशिवाय काहीही घेऊ नका. त्यांनी चहाच्या वेळेलाच शहरातल्या हॉटेलात पातळ भाजी-पाव आणि मिरचीभजी खाऊन घ्यावी.

पंचवटी_निळा
तिकिटाच्या तारखेचं डोक्यातच नव्हतं, धन्यवाद. सामना साडेनऊच्या आसपास सुटेल. गर्दी टाळायला ८५ व्या मिनिटाला निघालो तर?

कसारा_घाट
गाडी मध्यरात्रीनंतरची आणि तुम्हाला घाई ८५ व्या मिनिटाला? २४ एप्रिल २०२४ चा उपांत्य सामना याच मैदानावर झाला. ९० व्या मिनिटापर्यंत गोवा २-० ने पुढे होतं, मग छांगटे, विक्रम प्रताप, पुन्हा छांगटे, आणि मुंबई ३-२. लवकर उठणाऱ्यांनी पार्किंगमध्ये आवाज ऐकला असेल. शिट्टी होईपर्यंत बसा.

रविवारच्या प्रवासासाठी दुधात भिजवलेल्या दशम्या आणि कोरडा ठेचा न्या, दोन दिवस टिकतात. ओल्या खोबऱ्याची चटणी गोव्याच्या दमट हवेत पहिल्याच दिवशी आंबते.

मडगांवचो_पाव
स्टेडियम ते स्टेशन तीन-चार किलोमीटर आहे. रात्री बस धरून चालू नका, आठनंतर त्या विरळ होतात. पायलट, म्हणजे पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल, एकालाच नेते. सहा जणांना दोन टॅक्सी लागतील. ओला-उबर इथे नाहीत, गोवामाइल्सचं ॲप आधीच घेऊन ठेवा किंवा दुपारी सोडणाऱ्या टॅक्सीवाल्यालाच रात्रीची वेळ आणि फाटक सांगून भाडं ठरवून टाका. दारूच्या बाटल्या मात्र गाडीतून नेऊ नका. इथे स्वस्त मिळते म्हणून लोक भरतात आणि तपासणीत अडकतात.