मदत हवी आहे: ऑटोमॅटिक घड्याळात कोणतं मशीन घ्यावं?

नमस्कार मंडळी,

धाकट्या भावाला ऑटोमॅटिक घड्याळ द्यायचंय. बजेट सत्तर हजारांपर्यंत. डायल-पट्टा त्याच्या आवडीचा, पण मशीन निवडायचं माझ्याकडे आहे आणि तिथेच घोडं अडलंय.

सेइकोचं एनएच३५ सगळ्यात स्वस्त. ताशी २१,६०० ठोके, चावी भरली की ४१ तास चालतं. पण कंपनीच दिवसाला +४० ते -२० सेकंदांचा फरक मान्य करते, हे मला खटकतं. मियोटा ९०१५ ताशी २८,८०० ठोक्यांचं. ठोके जास्त असल्याने दुकानात हातात घेतलं तेव्हा सेकंदकाटा छान सरकत होता, पण मनगट हलवलं की रोटर (हाताच्या हालचालीने फिरून चावी भरणारं आतलं वजन) भर्रकन फिरल्याचा आवाज येतो. तो एकाच दिशेने चावी भरतो, दुसरीकडे मोकळा फिरतो. रोज वापरताना याचा त्रास होतो का?

सेलिटा एसडब्ल्यू२०० चं मला जास्त आकर्षण आहे. ईटीए या स्विस कंपनीच्या २८२४ या खूप वापरल्या गेलेल्या मशीनच्या धर्तीवरचं असल्याने सुटे भाग आणि जाणकार कारागीर मिळतील असं वाटतं. टिसोतचं पॉवरमॅटिक ८० तब्बल ८० तास चालतं, शनिवार-रविवार काढून ठेवलं तरी सोमवारी चालूच. मात्र त्याच्या काही प्रकारांत एस्केपमेंटचे (ठोक्यांची गती ताब्यात ठेवणाऱ्या यंत्रणेचे) भाग प्लास्टिकचे असतात. ते दहा वर्षांनी दुरुस्त होतात, की अख्खं मशीनच बदलावं लागतं?

ज्यांनी यांपैकी एखादं पाच-सात वर्षं वापरलंय, त्यांनी दोन गोष्टी आवर्जून सांगा: आता रोज किती सेकंद पुढेमागे होतं, आणि सर्व्हिसिंगला किती खर्च आला. पुणे-नाशिककडचा विश्वासू कारागीर माहीत असेल तर तेही कळवा.