तोडणी गिऱ्हाईकाची, वाहतूकही त्याचीच

ग्रुप: आपली माणसं

रविवार, पहाटे ३:४०

मीरा (पोर्टलंड): 📷 फोटो

मीरा: तोडलं एकदाचं! इथे शनिवारची दुपार आहे. ईशान चिखलात आडवा पडून करवत चालवतोय. तारा थंडीला कंटाळून गाडीत बसलीये आणि काचेतून सूचना देतेय.

नाना: काय तोडलं?

मीरा: नाना, तुम्ही जागे?

नाना: या आठवड्यात रात्रपाळीची लाईट हाय. उसाच्या नव्या लागणीला पाणी लावलंय. बांधावर बसलोय शेकत.

मीरा: नाताळचं झाड तोडलं. इथे त्याची शेतं असतात. आम्ही पाऊण तासावर क्लॅकमस काउंटीत आलोय. शेतात फिरायचं, आवडेल ते झाड निवडायचं, करवत तेच देतात, आपण कापायचं आणि गाडीच्या टपावर बांधून घरी न्यायचं.

नाना: आन पैसे?

मीरा: ८५ डॉलर.

नाना: तुमी त्यांना?

मीरा: हो. मग कोण कुणाला?

नाना: थांब. मोटर बघून येतो.

पहाटे ४:१५

नाना: मला नीट सांग. तोडणी गिऱ्हाईकाची. वाहतूक गिऱ्हाईकाची. तोडणीच्या टोळीला आगाऊ उचल द्यायची न्हाई. मुकादम उचल घेऊन पळून जायचं भ्या न्हाई. वर गिऱ्हाईकच पैसे देऊन हसत फोटो काढतंय?

मीरा: हो. शिवाय गरम चॉकलेट प्यायलो, त्याचे वेगळे दिले.

नाना: आमची तोड अजून आली न्हाई. खालच्या पट्टीत ऊस पडलाय लोळून.

सकाळी ६:५०

आई: मीरा, अगं एवढं हिरवंगार झाड कापलंत? तेही पोराच्या हातून? आपण तुळशीचं पान संध्याकाळी तोडत नाही गं.

सुहासदादा: काकू, तेच म्हणतोय. प्लास्टिकचं आणायचं. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सहा वर्षं एकच चाललंय. जानेवारीत खोक्यात, डिसेंबरात बाहेर.

लीनावहिनी: आणि त्याच्या अर्ध्या फांद्या कुठे गेल्या ते विचारा यांना. आमच्याकडे वसईला लहानपणी सुरूची फांदी आणायचो. पत्र्याच्या डब्यात वाळू भरून रोवायची, बर्फ म्हणून कापूस चिकटवायचा. चार दिवसांत घरभर काड्या पडायच्या. पण वास यायचा खरा.

मीरा: वहिनी, वासासाठीच आणतो आम्ही. आई, हे जंगल नाही गं, पीक आहे. तोडण्यासाठीच लावलेलं. आम्ही नोबल फर जातीचं घेतलं, ते सात फुटी व्हायला आठ-दहा वर्षं लागतात. ओरेगनात ही झाडं अमेरिकेतल्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त निघतात. इथून बोटीने हवाईपर्यंत जातात.

नाना: वैनी, ऊस तोडला म्हणून कोण रडतं का?

आई: भावजी, ऊस वेगळा. यावर पाखरं बसत असतील.

नाना: आमच्या उसात बिबट्या ऱ्हातोय. तरी तोडतोच.

नाना: मीरा, दहा वर्षं? आमचा आडसाली ऊस अठरा महिने रानात ऱ्हातो तर जीव खालीवर होतोय. एकरी किती बसत्यात?

मीरा: मालकीणबाईंना मी विचारलं होतं, तुम्ही विचारणार हे माहीत होतं. पाच बाय पाच फुटांवर लावतात.

सुहासदादा: ४३,५६० भागिले २५. सतराशेच्या वर. गुणिले ८५ डॉलर. नाना, ऊस मोडा, हेच लावा 😄

नाना: सुहास, तू कागदावरचा शेतकरी. सगळी विकायजोगी व्हत्यात व्हय? मीरा, मर किती हाय ते सांग.

मीरा: बरीच असते म्हणे. काही जमिनीत मुळं कुजतात. शिवाय दर उन्हाळ्यात प्रत्येक झाड हाताने छाटतात, लांब सुऱ्याने, म्हणजे तो निमुळता आकार येतो. आपोआप असं वाढत नाही ते. आणि २०२१ च्या जूनमधली ती उष्णतेची लाट आठवते? आमच्याकडे पोर्टलंडला २८ जूनला पारा ४६.७ वर गेला होता. तेव्हा ठिकठिकाणी कोवळी रोपं करपून गेली. या शेतातही काही ओळींत मोठ्या झाडांच्या मधेच कमरेएवढी झाडं दिसतात.

नाना: नांग्या भरल्यात.

मीरा: काय?

नाना: मेलेल्या रोपाच्या जागी दुसरं लावायचं, त्याला नांग्या भरणं म्हणत्यात. इंग्रजीत बोलून बोलून विसरलीस.

मीरा: बरं, आता हा फोटो बघा. 📷 आमच्या ओळीत त्या म्हणाल्या की अगदी जमिनीलगत कापू नका, खालच्या फांद्यांचा एक घेर ठेवा. हे शेजारचं जुनं खोड आहे. बघा, कडेने एक कोंब सरळ वर चाललाय.

नाना: अगं हा खोडवा!

नाना: खोडवाच की गं!! तोडल्या उसाच्या बुडख्याला पुन्हा फुटतो तसा. मुळं जुनी, म्हणजे नव्या लागणीपेक्षा बिगीनं येणार.

मीरा: अगदी तेच सांगत होत्या. पुढचं झाड त्याच खोडावर तयार होतं. सगळे शेतकरी करत नाहीत, बरेच जण खोड सोडून शेजारी नवीन रोप लावतात.

आई: म्हणजे झाड मेलं नाही तर.

मीरा: नाही मेलं, आई.

आई: हे आधी सांगायचं.

सुहासदादा: जंगलातून तोडता येत नाही का? फुकटात पडेल.

मीरा: येतं. माउंट हूडच्या सरकारी जंगलाचा परवाना ५ डॉलरला मिळतो, आणि चौथीतल्या मुलांना तर फुकट. ईशान यंदा चौथीतच आहे. अमोल दोन दिवस मागे लागला होता. पण बर्फात चाकांना साखळ्या लावून डोंगरावर कोण जाणार? मी नाही म्हटलं.

अमोल: नोंद घ्यावी, ८० डॉलर वाचले असते.

नाना: ईशानची करवत अडकली का न्हाई?

मीरा: अडकली! अर्ध्यात गच्च बसली. तुम्हाला कसं कळलं?

नाना: झाडाचं वजन कापावर बसतंय. दुसऱ्यानं झाड उलट्या बाजूला रेटून धरायचं, म्हणजे काप उघडा ऱ्हातोय.

मीरा: अमोल फोटो काढत होता.

अमोल: 🙏

रात्री ९:२०

मीरा: इथली सकाळ. झाड घरात आलंय. एक गोंधळ झाला. शेतात बेताचं वाटलेलं झाड हॉलमध्ये छताला टेकलं. आमचं छत आठ फुटांचं, आणि झाडाखाली स्टँड येतो हे दोघांच्याही डोक्यात नाही. आभाळाखाली सगळंच बुटकं दिसतं! शेवटी बुंध्याकडून फूटभर कापलं.

लीनावहिनी: शेंडा कापू नकोस हं. चांदणी कुठे लावशील?

मीरा: शेंडा नाही कापला. आणि बुंधा तसाही पुन्हा कापावाच लागतो, निदान इंचभर. कापलेल्या तोंडावर राळ वाळली की झाड पाणी ओढत नाही. ताजा काप देऊन लगेच पाण्यात ठेवायचं. काल रात्रीपासून चार लिटर प्यालंय! ईशान दर तासाला वाकून पातळी बघतोय. पाणी संपलं तर काड्या वाळून गळतात, आणि वाळलेलं झाड भडकन पेटतं.

आई: खालच्या फांद्या टाकल्यास का?

मीरा: नाही, गोल बांधून दाराला लावल्या. तुझ्या तोरणासारख्याच. पण आई, हात बघ. 📷 राळ जातच नाहीये. तीनदा साबण लावला. ताराच्या केसातही आहे.

आई: साबणाने कशी जाईल? खोबरेल तेल चोळ. फणस कापताना आपण काय करतो?

९:४५

मीरा: गेली!! केसातलीही.

आई: ☺️ आणि सण झाल्यावर काय करतेस त्याचं? कचऱ्यात?

मीरा: जानेवारीत गोळा करून नेतात आणि यंत्रात भुगा करतात. तो बागांमध्ये झाडांच्या बुडाशी पसरतात.

नाना: उसाचं पाचट पसरतो तसं.

मीरा: तसंच. आणि काही जुनी झाडं इथल्या ओढ्यांत नेऊन ठेवतात, फांद्यांच्या आडोशाला सॅल्मन माशांची पिल्लं राहतात.

लीनावहिनी: आता फोटो टाक ना सजवलेल्याचा.

मीरा: 📷 चांदणी सापडली नाही, मागच्या वर्षीच्या खोक्यात कुठेतरी आहे. म्हणून ताराने दिवाळीचा छोटा आकाशकंदील टोकाला बसवलाय. थोडा कलतोय.

आई: छान दिसतोय. कलू दे.

रात्री १०:३०

नाना: आत्ता कारखान्याच्या चिटबॉयचा फोन आला. उद्या सकाळी तोड येणार.

सुहासदादा: वा! पेढे.

नाना: पेढे कसले. गाडीवाला आत्तापासनंच एंट्रीचे वरचे पैसे मागतोय, टोळीचं जेवण वेगळं. मीरा, इशानला विचार मोकळा हाय का. दोन एकरच हाय. करवतीऐवजी कोयता देतो आन गरम चॉकलेट माझ्याकडनं.

मीरा: त्याला विचारलं. तो म्हणतो, ८५ डॉलर कोण कुणाला देणार?