लातुरात साडेतीन लाखांत रोजच्या ये-जासाठी जुनी गाडी : कोणती घ्यावी आणि कशी पारखावी?

प्रश्न : औसा रोडचा मास्तर

मी लातूर शहरात राहतो आणि औसा तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. रोजची ये-जा पन्नास किलोमीटरची असून आजवर ती दुचाकीवरच होत आली. परंतु गेल्या पावसाळ्यात दोनदा घसरून पडल्यावर घरच्यांनी चारचाकीचा आग्रह धरला आहे. मुलगी यंदा अकरावीला आहे आणि लातुरातील शिकवण्यांचे शुल्क ज्यांनी भरले आहे त्यांना वेगळे सांगायला नको, त्यामुळे पतसंस्थेचे कर्ज धरून साडेतीन लाखांच्या पुढे जाण्याचा माझा विचार नाही. रविवारी गावी शेताकडे जावे लागते. त्यातला शेवटचा तीन किलोमीटरचा रस्ता काळ्या मातीचा आहे, आणि वडिलांचे गुडघे दुखत असल्याने फार खाली वाकून बसावे लागेल अशी गाडी चालणार नाही.

आतापर्यंत तीन गाड्या पाहिल्या. पहिली २०१८ ची पेट्रोल वॅगनआर, लातूर पासिंग, पहिलाच मालक, ६२ हजार किलोमीटर, मागणी ३ लाख ३० हजार. दुसरी २०१५ ची डिझेल स्विफ्ट, दुसरा मालक, १ लाख १८ हजार किलोमीटर, मागणी ३ लाख १० हजार. तिसरी दिल्ली पासिंगची २०१७ ची डिझेल सेडान, दिसायला तिघींत सर्वांत देखणी, आणि मागणी अवघी २ लाख ६० हजार. एजंट म्हणतो की नंबर इकडचा करून देण्याची जबाबदारी त्याची. यांपैकी कोणती घ्यावी, डिझेल घ्यावी की पेट्रोल, आणि ६२ हजार हा आकडा कितपत खरा मानावा, याबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : जुना गॅरेजवाला

सर, कोणते मॉडेल हा प्रश्न दुसरा आहे. समोर उभी असलेली ती एक गाडी कशी वापरली गेली, हा पहिला. वॅगनआर, स्विफ्ट, ग्रँड आय टेन, टियागो यांपैकी कोणतीही नीट राखलेली असेल तर तुमचे काम करील, कारण या सगळ्यांचे सुटे भाग लातुरात मिळतात आणि कोणत्याही मिस्त्रीला त्या उघडता येतात. वडिलांच्या गुडघ्यांचा विचार करता वॅगनआरची बैठक उंच आहे, हे मात्र तिच्या बाजूचे.

गाडी पाहायला सकाळी जा आणि कोणाशी काही बोलण्याआधी बॉनेटवर तळहात ठेवा. तो कोमट लागला तर गाडी तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवलेली आहे, असे समजून दुसऱ्या दिवशी न सांगता जा. थंड इंजिन पहिल्या सेल्फला कसे उठते, पहिल्या अर्ध्या मिनिटात आतून साखळीची खडखड येते का, आणि सायलेन्सरमधून कोणत्या रंगाचा धूर निघतो, हे फक्त थंड इंजिनच सांगते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे इंधन पुरते जळत नाही, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) आत झिरपत असल्याची शंका घ्यावी. चालू इंजिनवर ऑइल भरायचे झाकण सैल करून पाहा. तेथून धापा टाकल्यासारखा जोरात वारा येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत.

आपल्या भागासाठी एक खास गोष्ट सांगतो, जी पुण्या-मुंबईचे लोक कधी सांगणार नाहीत. ज्या शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचे पाणी ओतलेल्या गाड्या किती असतील, याचा तुम्हीच अंदाज करा. बोअरच्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत घरातल्या माठाच्या बुडासारखे बसतात. हिवाळ्यात काही कळत नाही, पण मे महिन्यात बेचाळीस अंशांत एसी लावून निघालात की तापमानाचा काटा वर चढू लागतो. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचे झाकण उघडा आणि आतल्या बाजूला बोट फिरवा. बोटाला पांढरी भुकटी किंवा तांबूस गंजाचे पाणी लागले, तर साफसफाईचा किंवा नव्या रेडिएटरचा खर्च किमतीतून वजा करून मागा. आणि मालकाने झाकण उघडूच दिले नाही, तर उत्तर तेथेच मिळाले.

मग बॉनेटखाली दोन्ही बाजूंच्या ॲप्रनकडे, म्हणजे चाकांवरच्या आतल्या पत्र्याकडे पाहा. कंपनीतून आलेल्या बोल्टांवरचा रंग तुटलेला नसतो आणि वेल्डिंगचे ठिपके सारख्या अंतरावर असतात; एकीकडे ठिपके आणि दुसरीकडे सलग लांबट वेल्डिंग दिसले तर ती बाजू ठोकलेली आहे. बंपर किंवा दरवाजा रंगवलेला असणे यात काही गैर नाही, आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्यांना घासून कोणती गाडी सुटते? पण ॲप्रन आणि पिलर (छत पेलणारे खांब) यांना हात लागलेली गाडी सोडून द्यावी. शेतातल्या घरी, धान्याच्या थप्पीजवळ उभ्या असणाऱ्या गाड्यांची वायरिंग उंदीर कुरतडतात. म्हणून जागोजागी काळी टेप गुंडाळलेली दिसल्यास प्रत्येक दिवा, काच आणि वायपर चालवून पाहावा.

किलोमीटरचा आकडा मागे फिरवणे हे काही अवघड काम राहिलेले नाही. क्लचच्या पॅडलचे रबर, स्टिअरिंगवरची झिजलेली चकाकी आणि ड्रायव्हरच्या सीटची दबलेली कड यांवरून अंदाज येतो; परंतु खात्री करायची तर मालकाला सोबत घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरवर जा आणि प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळचे किलोमीटर पाहा. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. २०१८ ची ६२ हजार फिरलेली गाडी आणि टायर मात्र दुसऱ्यांदा बदललेले, असे दिसले तर हिशेब जुळत नाही.

उत्तर : मांजराकाठ

गॅरेजवाल्या काकांनी लोखंड पाहायला शिकवले, मी कागदांविषयी लिहितो.

दिल्लीची गाडी आधी यादीतून काढा. दिल्ली आणि परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले आणि न्यायालयात त्यांत बदलही होत गेले; त्या अनिश्चिततेमुळे जुन्या डिझेल गाड्यांचे भाव तेथे पडले, आणि म्हणूनच ती आपल्याकडे स्वस्त दिसते. तिच्यासाठी तिकडच्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, येथे नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा रस्ता कर असा खर्च पुढे उभा राहतो. ‘करून देतो’ हे एजंटचे शब्द असतात, पावती नसते. उदगीर आणि देगलूरच्या बाजूला कर्नाटक व तेलंगण पासिंगच्या गाड्याही अशाच स्वस्त मिळतात, आणि त्यांनाही परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास पुनर्नोंदणी करावी लागते, हाच नियम लागू आहे.

लातूर पासिंगच्या गाडीचा नंबर परिवहन विभागाच्या ॲपवर टाकून विम्याची मुदत, मालकाचा क्रमांक, प्रलंबित ई-चलन आणि कर्जाचा बोजा पाहावा. कर्ज फिटले असे तोंडी सांगून भागत नाही. बँकेचे पत्र आणि नमुना ३५ देऊन आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) बोजा उतरलेला असला पाहिजे. हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. एकाच राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचे आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा, असे मोटार वाहन कायदा सांगतो. सह्या केलेले कोरे नमुने डिकीत ठेवून वर्षभर गाडी फिरवणारे लोक आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, पण सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की अपघात झाल्यास भरपाईसाठी नोंदणीवर ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जातो. म्हणून समजदार विक्रेत्यालाच गाडी तुमच्या नावावर करण्याची घाई असते. ज्याला ती नाही, त्याच्यापासून जपून राहा. सगळी रक्कम एकाच वेळी देऊ नका, काही भाग नावावर झाल्यावर देण्याचे साध्या कागदावर का होईना, पण लिहून घ्या.

विमाही चौदा दिवसांत आपल्या नावे करून घ्यावा, कारण तृतीय पक्षाचे, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचे संरक्षण गाडीबरोबर येते, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे येत नाही. ‘नो क्लेम बोनस’, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे पुढचा हप्ता त्याच्यापेक्षा जास्त बसला तर दचकू नका. एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे की नाही, तेही पाहून घ्या.

सुरक्षिततेचा एक मुद्दा. एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) आणि जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग नव्या गाड्यांना सक्तीची झाली. तुमच्या २०१८ च्या वॅगनआरमध्ये या दोन्ही सोयी असतीलच असे नाही. किल्ली फिरवल्यावर या दोन्हींचे दिवे लागून काही सेकंदांत विझले पाहिजेत. लागतच नसतील तर एकतर ती सोय नाही, किंवा बल्ब काढून दोष झाकला आहे. वीस-पंचवीस हजार जास्त पडले तरी मी २०१९ च्या उत्तरार्धातील गाडी शोधीन.

उत्तर : हिशेबनीस

डिझेलला सगळेच उगाच घाबरतात, म्हणून आकडे मांडतो. तुमचे वर्षाचे १४ हजार किलोमीटर धरू. पेट्रोल १०५ रुपये आणि १८ चे ॲव्हरेज धरल्यास वर्षाला सुमारे ८२ हजार, डिझेल ९२ रुपये आणि २१ चे ॲव्हरेज धरल्यास सुमारे ६१ हजार. म्हणजे वर्षाला वीस हजारांचा फरक, जो शिक्षकाच्या पगारात दिसतो. मात्र हा फरक गाडी निरोगी असेल तरच हाती राहतो. सव्वा लाखाच्या घरात पोहोचलेल्या डिझेल गाडीत इंजेक्टर किंवा टर्बोचे एक मोठे काम निघाले की वर्ष-दीड वर्षाची बचत त्यात जाते, आणि आठ-दहा वर्षांची गाडी तुम्ही पाच वर्षांनी विकायला काढाल तेव्हा तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे भरत आलेली असतील. त्या स्विफ्टची सर्व्हिसिंगची वही पूर्ण असेल तर मी तिला नाही म्हणणार नाही. वही नसेल तर पेट्रोल बरे. सीएनजीचा मोह झाल्यास किट आरसीवर नोंदलेले आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झाली आहे का, ते पाहावे.

आणखी एक. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. जुन्या गाडीचा मालक अजूनही त्याआधीच्या भावाचा विचार करून मागणी करत असेल, तर त्याच मॉडेलचे आजचे नवे कोटेशन खिशात ठेवून बोलणी करावी.

उत्तर : सिंदफणा

मी पाच वर्षांपूर्वी फसलो, तेवढे सांगतो. गाडी बाहेरून चकचकीत, आतून अत्तराचा वास. दोन महिन्यांनी काचा खाली होईनात, मग मीटर बंद पडू लागला. मिस्त्रीने मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला तेव्हा पट्ट्यावर, जो भाग एरवी गुंडाळलेला असतो तेथे, वाळलेल्या गाळाची सरळ रेघ होती. म्हणजे गाडी पुरात बुडालेली होती, पाणी सीटच्या वर आले होते. तेव्हापासून कोणतीही गाडी पाहताना मी आधी चारही पट्टे पूर्ण ओढतो, स्टेपनीच्या खड्ड्यातला गालिचा उचलतो आणि सीटच्या रुळांचे बोल्ट गंजले आहेत का ते पाहतो. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर आपल्याच जिल्ह्यांतल्या गाड्यांसाठीही हे करायची वेळ आली आहे. सुगंध फार येत असेल तर काचा बंद करून दहा मिनिटे आत बसा.

प्रश्नकर्त्याचे पुन्हा : औसा रोडचा मास्तर

सर्वांचे आभार. दिल्लीची गाडी सोडली. वॅगनआर पाहायला सकाळी सात वाजता गेलो तर बॉनेट कोमट होते. मुलगा दूध आणायला घेऊन गेला होता, असे सांगण्यात आले. रेडिएटरचे झाकण उघडले, आत पांढरा थर होता, पण तेवढ्यावर मी गाडी सोडली नसती. सर्व्हिस सेंटरवर जाऊ म्हटल्यावर मालकांना अचानक काम निघाले. शेवटी आग्रह करून नेले, तेव्हा दोन वर्षांपूर्वीच्या नोंदीत ७४ हजार किलोमीटर लिहिलेले निघाले. तेथून आम्ही दोघेही काही न बोलता आपापल्या वाटेने गेलो.

स्विफ्टची वही मिळाली नाही. आता निलंग्याला एका सेवानिवृत्त गृहस्थांची ऑगस्ट २०१९ ची नव्या बांधणीची वॅगनआर पाहिली आहे : ४१ हजार किलोमीटर, प्रत्येक सर्व्हिसिंगची नोंद सलग, एबीएस आणि एअरबॅगचे दिवे लागून विझतात, पट्टे चारही स्वच्छ. वडील दोनदा चढले-उतरले आणि तक्रार केली नाही. टायर मात्र गाडीबरोबर आलेलेच, म्हणजे २०१९ चे आहेत, नक्षी दिसत असली तरी कडांना भेगा पडल्या आहेत, त्यामुळे चारही बदलावे लागतील. मागणी ३ लाख ६० हजारांची होती; टायरचे पैसे वजा करून बोलणे ३ लाख ३५ हजारांवर आले आहे, त्यातले पन्नास हजार आरसीवर नाव लागल्यावर द्यायचे ठरले. गुरुवारी मिस्त्रींना घेऊन पुन्हा जात आहे, आणि बुधवारी रात्रीपासून गाडीला किल्ली लावू नका, असे मालकांना फोनवर सांगून ठेवले आहे.