पाणथरीत गाठ आणि न थांबणारी पोटदुखी : तुमच्या घरचे अनुभव सांगा

आईच्या सोनोग्राफीत पाणथरीत, म्हणजे डाव्या बरगड्यांखालच्या स्प्लीनमध्ये, २ सेंमीची गाठ दिसली आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. पोट आठ महिने दुखत होतं, त्यामुळे सगळ्यांनी बोट गाठीकडेच दाखवलं. सीटीनंतर कळलं की हिमॅन्जिओमा आहे, रक्तवाहिन्यांचा साधा गोळा. मग दुखतंय काय?

तिसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "काकू, एका बोटाने दाखवा." आईने पदर सारून बेंबीच्या डावीकडे रुपयाएवढी जागा दाखवली. त्यांनी तिथे दाबून धरलं आणि झोपल्या-झोपल्या मान उचलायला लावली. आई कळवळली. पोटाचे स्नायू ताठ झाले की आतल्या अवयवाचं दुखणं सहसा कमी लागतं. वाढलं, तर पोटाच्या भिंतीतली नस दबल्याचा संशय. तिथेच बधिरतेचं इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत आई स्वतः उठून बसली! पुढे अजून दोन घ्यावी लागली. गाठ अजून तेवढीच आहे. तुमच्याकडे काय निघालं, जरूर लिहा.

*

ताई, माझ्या भावाला सिकलसेल हा रक्ताचा आजार, आम्ही नंदुरबारकडचे. डाव्या बरगडीखाली कळ यायची आणि डावा खांदा ठणकायचा. आम्ही वेड्यासारखे खांद्याला बाम चोळत होतो. रक्तपुरवठा तुटून पाणथरीचा तुकडा मेला होता. पाणथरीमुळे तिच्यावरचा श्वासाचा पडदा (डायफ्रॅम) दुखावला की कळ खांद्यात जाते, हे तेव्हा कळलं.

*

ह्यांच्या पाणथरीत बारीक-बारीक पुष्कळ ठिपके होते. रोज संध्याकाळी कणकण, वजन ९ किलोंनी उतरलेलं. लिम्फोमा, म्हणजे लिम्फच्या गाठींचा कॅन्सर, असेल म्हणून मी रात्र-रात्र जागले. पाणथरीला सुई लावली तर रक्तस्रावाची भीती, म्हणून आधी पोटातल्या लिम्फच्या गाठीतून नमुना घेतला. टीबी निघाला. गोळ्यांनी लघवी केशरी झाली तेव्हा पुन्हा घाबरलो, पण ते औषधामुळेच होतं. सहा महिन्यांत बरे झाले.

*

माझी १२ सेंमीची पाण्याची गाठ होती. चार घास खाल्ले की पोट गच्च. घरी मेंढ्या-कुत्री आहेत का, हे आधी विचारलं, कारण हायडॅटिड, म्हणजे त्यांच्यामार्फत पसरणाऱ्या जंताची गाठ, असेल तर गाठ फुटणं धोक्याचं. ती नव्हती. पाणथरी काढायची ठरल्यावर दोन आठवडे आधी न्यूमोकोकल, मेनिन्गोकोकल आणि हिब या जंतूंविरुद्धच्या लशी घेतल्या, कारण पाणथरी नसली की जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणूनच आजही ताप आला की घरी थांबत नाही, सरळ दवाखाना गाठते.

*

आमच्याकडे सगळे डावीकडे बघत राहिले, खडे निघाले उजवीकडे पित्ताशयात. तळलेलं खाल्लं की रात्री कळ, हे सासूबाई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या.

*

सगळ्यांचे मनापासून आभार. खांद्याचं मला ठाऊकच नव्हतं. आईला आत्ताच विचारलं, खांदा कधीच दुखला नाही म्हणाली. पुढची सोनोग्राफी सहा महिन्यांनी आहे.