'अलोकेशन' आणि 'अपोर्शनमेंट', दोन्हींना 'वाटप' कसं चालेल?

अनुवादिनी: अमेरिकेतल्या राज्यांच्या कंपनीकरावरचा मजकूर मराठीत आणते आहे. १९५७च्या नमुना कायद्यात या दोन क्रिया वेगळ्या आहेत. धंद्याशी संबंध नसलेलं उत्पन्न, समजा जमिनीचं भाडं, जमीन असेल त्या राज्याकडे अख्खं जातं, हे अलोकेशन. धंद्याचा नफा सूत्राने राज्याराज्यांत विभागतात; हे अपोर्शनमेंट. दोन्हीकडे 'वाटप' लिहिलं की वाक्यच कोसळतं.

ताळेबंद: पहिल्याला 'वर्ग करणे'. रक्कम वर्ग होते, तिचे तुकडे होत नाहीत. दुसऱ्याला 'दामाशाही'. दिवाळखोराची मालमत्ता धनकोंत येण्याच्या प्रमाणात वाटायची, त्याला आपल्याकडे हाच शब्द होता.

शुद्धमती: 'संविभाजन' असताना दामाशाही कशाला? शिवाय दामाशाहीत मोजमाप एकच. इथे तीन: मालमत्ता, पगार, विक्री.

ताळेबंद: संविभाजन वाचून कुठल्याही लेखापालाला काही बोध होणार नाही. मोजमापं तीन असली तरी सरासरी काढून टक्का एकच निघतो.

सातबारा: मग 'सरस-निरस वाटप' घ्या. शेतजमीन वाटताना नुसतं क्षेत्र न पाहता कस, पाणी, रस्ता पाहून हिस्से पाडतात. अनेक निकष लावून वाटायची रीत त्या शब्दातच आहे.

शुद्धमती: सरस-निरस वाटपात सगळे हिस्से मिळून जमीन पुरी होते. इथे ती खात्री नाही. समजा एका कंपनीची 'अ' राज्यात मालमत्ता २०%, पगार १०%, विक्री ६०%. उरलेलं सगळं 'ब'मध्ये. 'अ'ने फक्त विक्री धरली तर त्याचा हिस्सा ६०%. 'ब'ने तिन्हींची सरासरी काढली तर ८०, ९०, ४० मिळून ७०%. शंभराच्या नफ्यातले १३० करपात्र! सूत्रं उलट लावा: ३० अधिक ४०, म्हणजे ३० कुठेच मोजले जात नाहीत. आयोवा राज्याचं फक्त विक्रीचं सूत्र १९७८मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलं, शेजारचं इलिनॉय तीन घटक धरत असतानाही. म्हणून 'वाटप', 'वाटणी' दोन्ही नकोत. प्रत्येक राज्य आपला 'हिस्सा ठरवतं', एवढंच.

सातबारा: हा दोष सूत्रं न जुळण्याचा, शब्दाचा नाही. कॅनडात प्रांतांचं सूत्र एकच आहे, सर्वसाधारण कंपनीला निम्मं वेतन आणि निम्मी विक्री. तिथे 'वाटणी' चपखल बसतं.

ताळेबंद: देशादेशांत मात्र सूत्र नाहीच, तिथे 'आर्म्स लेंग्थ': एकाच समूहातल्या कंपन्यांनी आपसात तोच मोबदला धरायचा, जो एकमेकांशी नातं नसलेल्यांत ठरला असता. त्याचं शब्दशः 'हातभर अंतर' मात्र करू नका. मराठीत हातभर अंतर म्हणजे जवळीक. 'बाजारभाव' लिहा.

शुद्धमती: 'बाजारभाव' साफ चुकीचं. पुण्यातली सॉफ्टवेअर उपकंपनी परदेशी मूळ कंपनीला सेवा देते, तेव्हा सहसा भाव ताडत नाहीत, खर्चावरचा नफा ताडतात. उपकंपनीचा खर्च १०० कोटी आणि मोबदला ११२ कोटी, तर नफा १२%. स्वतंत्र कंपन्यांचे असे टक्के चढत्या क्रमाने लावायचे. सहा किंवा जास्त कंपन्या असतील तर भारतात ३५व्या ते ६५व्या शतमकाचा (पर्सेंटाइलचा) पट्टा धरायचा. १२% त्यात बसले नाहीत तर मध्यक, म्हणजे रांगेतला मधला टक्का, लागू. यात बाजार कुठे आहे?

सातबारा: मग 'त्रयस्थ मोबदला'?

शुद्धमती: त्रयस्थ म्हणजे व्यवहाराबाहेरचा तिसरा. इथे व्यवहार करणारे दोघेच, फक्त एकमेकांशी नातं नसलेले.

ताळेबंद: आणि 'असंबद्ध' लिहिलं तर वाचणाऱ्याला बडबड आठवेल. मी 'बाजारभाव'च ठेवणार, वर एका वाक्याची व्याख्या देऊन.